कोपरापर्यंत हात

मामाजी,

तुम्ही मला एक प्रश्न दोनदा विचारलात. मध्ये अडीच वर्षं गेली, पण शब्द तेच होते. आणि दोन्ही वेळा मी तुमच्याशी खोटं बोलले.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. बौद्धाचार्य आले, त्रिसरण-पंचशील झालं, मग एकेक जण उठून तुमच्याविषयी बोलला. कापूस संकलन केंद्रावरचे तुमचे जुने साहेब म्हणाले, अतिशय शांत माणूस. मी मागे बायकांत बसले होते. तशा अवस्थेतही मला हसू आलं. तुम्ही आणि शांत! भाजीत मीठ कमी पडलं तर ताट न सरकवता नुसतं ‘हं’ म्हणायचं आणि अख्ख्या घराला घाम फोडायचा, हा तुमचा शांतपणा. कोणी प्रामाणिक म्हणालं, कोणी निर्व्यसनी म्हणालं. सगळं खरंच होतं. पण तुम्ही कापसाच्या गाडीत हात कसा घालायचात, हे कोणीच सांगितलं नाही. सुनेनं चारचौघांत उठून सासऱ्याबद्दल बोलायची आपल्या घरी रीत नाही, नाहीतर मी सांगितलं असतं. आज मंडप सोडून नेला, उसन्या सतरंज्या परत गेल्या, आणि मी लॅबमधली जुनी वही घेऊन बसले आहे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तुम्ही डबा विसरून गेलात आणि आईंनी मला तो द्यायला केंद्रावर पाठवलं. गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत आलेली होती. तुम्ही पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. डावी बाही मनगटाशी बटण लावून आणि उजवी पार दंडापर्यंत दुमडलेली. मला ते विचित्र वाटलं. मग तुम्ही एका गाडीशी गेलात. वरच्या कापसाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि पुढून एक मूठ काढलीत, मधून एक आणि मागून, जिथं गाडीचा तळ लागतो, तिथून एक. तिन्ही मुठी पोत्यावर वेगवेगळ्या ठेवल्या. दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा ओढून उजेडाकडे धरला, किडका पिवळा कापूस, ज्याला तुम्ही कवडी म्हणायचात, तो बाजूला काढला, आणि मग लाल पेन्सिलीनं चिठ्ठीवर ग्रेड लिहिला, ज्यावर भाव ठरायचा. उरलेला कापूस तुमच्याही नकळत तुमच्या खिशात गेला. संध्याकाळी शर्ट धुताना तो खिशातून मी काढला आणि आईंकडे कुरकुर केली. आई म्हणाल्या, “मी वीस वर्षं काढला. आता तू काढ.”

नंतर केव्हातरी मी विचारलं, मामाजी, वरचा कापूस का नाही पाहत? तुम्ही म्हणालात, “वरचा कापूस दाखवाचा असते पोरी. आतला विकाचा असते.”

मी टेक्निशियन झाले ती तुमच्यामुळे. लग्नानंतर शिकायचं म्हटल्यावर प्रशांत गप्प बसला होता, नवऱ्यानं अशा वेळी बसावं तसा. तुम्हीच म्हणालात, शिकू दे. कॉलेज लांब म्हणून सायकल आणलीत, आणि मला ती येत नाही असं कळल्यावर भर उन्हाळ्यात, केंद्राचं आवार रिकामं असताना, तिथं नेऊन शिकवलीत. मी पदर खोचून हँडल धरलेलं, तुम्ही मागून कॅरिअर धरून धावताय. कुंपणापलीकडच्या चहावाल्यानं गिऱ्हाइकं सोडून ते पाहिलं. दोन दिवसांत सगळ्या वस्तीत झालं की सासरा सुनेच्या मागं धावते. तुम्हाला कोणी चिडवलं तर तुम्ही म्हणायचात, “तुह्या सुनेच्या मागं कोनी धावत नाई, म्हून जळून राह्यला काय बे?”

पुढे मी लॅबमध्ये रोग्यांच्या गाठींचे तुकडे मेणात बसवायला शिकले. त्या मेणाच्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याची केसाहून पातळ चकती कापायची, काचेवर घ्यायची, रंगवायची. निदान डॉक्टर करतात. कापणं आणि रंगवणं माझं. नातेवाईक नाक मुरडायचे, सून लोकांचं रक्त-लघवी पाहते म्हणून. तुम्ही बारशात, मंगल परिणयात, कुठंही लोकांना सांगायचात, “माह्यावाली सून ग्रेडर हाये. मी कापसाचा, थे मानसाची.” मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, माझ्याविषयी इतक्या अभिमानानं पुन्हा कोण बोलणार.

आणि तुम्ही मला गिरजाबाईची गोष्ट सांगितलीत. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो आपण. तुम्ही नवे ग्रेडर असतानाची गोष्ट. बाभुळगावकडून गिरजाबाई नावाच्या बाई पहाटे निघून गाडी घेऊन आल्या होत्या. वरचा थर दवानं ओला झालेला, पालापाचोळा चिकटलेला. तुम्हाला घाई होती. वरून हात दाबलात आणि हलका ग्रेड लिहून मोकळे झालात. बाई म्हणाली, साहेब, आत तं पाहा. तुम्ही पाहिलं नाही. दुपारी गाडी कापसाच्या गंजीवर रिकामी होताना तुम्ही सहज तिथं उभे होता, आणि आतून लांब धाग्याचा, दुधासारखा कापूस निघाला. चिठ्ठी पुढे गेलेली होती, ती बदलता येत नव्हती. सुटीच्या दिवशी तुम्ही एसटीनं तिच्या गावी गेलात, घर विचारत विचारत अंगणात उभे राहिलात आणि शेजारपाजाऱ्यांसमोर म्हणालात, बाई, मी हात घातला नाई, चूक माही हाये. तिनं तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. मग खाटेवर बसवून गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली.

“शिव्या पयले, भाकर मंग,” असं म्हणून तुम्ही हसलात. आणि मग शेंग हातात तशीच धरून मला म्हणालात, “चुकीचा ग्रेड गेला तं कागदावर दुरुस्त होत नाई. मानसाच्या घरी जाऊन सांगा लागते.”

मी मान हलवली आणि सोलत राहिले. ती गोष्ट माझ्यासाठी होती, हे मला तेव्हा कसं कळणार?

आपलं एक भांडण राहूनच गेलं, मामाजी. केंद्रावर ओल मोजायचं यंत्र आलं त्या वर्षीचं. कापसात सुई टोचायची की काटा सरकून ओल दाखवणार. तुम्ही चिडला होता. मी यंत्राची बाजू घेतली. म्हटलं, मामाजी, माणूस थकतो, माणसाला राग-लोभ असतो, यंत्राला नसतो, यंत्र खोटं बोलत नाही. तुम्ही जेवता जेवता थांबलात. “यंत्र खोटं बोलत नाई, मान्य. पन सुई कुठं टोचाची थे तं मानूसच ठरवते ना?” मी म्हटलं, हे तुम्ही हट्टानं बोलताय. तुम्ही ‘हं’ केलंत. त्यानंतर कित्येक दिवस त्यावर आपण जेवताना एकमेकांना टोमणे मारायचो. शेवटी कोण जिंकलं ते आज मी सांगते. तुम्ही जिंकलात.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही लॅबमध्ये आलात. मी काउंटरवर होते. मी उठून आत बोलवायला लागले तर तुम्ही नजरेनंच थांबवलंत. रांगेत उभे राहिलात, तुमच्या आधीची चार माणसं होऊ दिलीत. मग माझ्यासमोर येऊन, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणालात, “नाव लिव. वय छप्पन. पत्ता लिवू नको, तुले मालूम हाये.”

“काय झालं मामाजी?”

“मी इथं पेशंट हाये. घरी गेल्यावर सासरा.”

मग तुम्ही हळू आवाजात सांगितलंत की लघवीला त्रास होतो, आठ महिने झाले. केंद्रावर गाड्यांची रांग सोडून सारखं जावं लागतं, लोक ओरडतात. हे तुम्ही मुलाला सांगितलं नव्हतं, आईंना सांगितलं नव्हतं. सुनेला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. म्हणून तुम्ही रांगेत उभं राहून परके झालात आणि मला सांगितलंत. मी रडू आवरून रक्त घेतलं. तुमच्या उजव्या हाताची शीर किती ठळक होती!

रक्तातला प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. नागपूरचे सर्जन महिन्यातून दोनदा यवतमाळला येत. त्यांनी प्रोस्टेटमधून सुईनं सहा ठिकाणचे सहा तुकडे काढले आणि सहा बाटल्या आमच्या लॅबमध्ये आल्या. धाग्याएवढे तुकडे. मी ते मेणात बसवले, नंबर टाकले, कापले, रंगवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या आणि पाचव्या तुकड्यात कॅन्सर होता. तिसऱ्यात भरपूर, एकसारखा, नीट कापलेला. पाचव्यात थोडासाच, कडेला, आणि तुकडा दबून चुरगळलेला. डॉक्टर म्हणाले, एकंदर मधल्या दर्जाचा आजार आहे. घरी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, “माह्याले बी ग्रेड भेटला म्हना की.” कोणी हसलं नाही.

सर्जन म्हणाले, दोन रस्ते आहेत. एकतर लगेच नागपूरला जाऊन किरणांचा उपचार आणि इंजेक्शनं. त्यात दोन-अडीच महिने तिकडं राहावं लागेल आणि अंगातली ताकद जाईल. नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की माणूस दुसऱ्याच कशानं तरी जातो. तुमची कोणती, हे कसं ओळखायचं? आमच्या डॉक्टरांच्या ओळखीचे एकजण मुंबईत त्यावरच काम करत होते. गाठीतल्या पेशींचा डीएनए मोजायचा आणि त्यावरून ती पुढं किती वेगानं जाईल याचा अंदाज बांधायचा.

ते मी तुम्हाला ओट्यावर बसून समजावलं. प्रत्येक पेशीत डीएनएचं माप ठरलेलं असतं. पेशी दोन होण्याआधी ते दुप्पट होतं, मग पुन्हा मापावर येतं. बिघडलेल्या गाठीत हे माप चुकतं, कुठं दीडपट, कुठं तिप्पट, कशाला कशाचा मेळ नाही. पेशींना एक जांभळट रंग देतात, जेवढा डीएनए जास्त तेवढा रंग गडद. यंत्र एकेका पेशीचा गडदपणा मोजतं आणि टेकड्यांसारखं चित्र काढतं. एकच उंच टेकडी आली तर बहुतेक सावकाश जाणारी गाठ. टेकड्या इकडेतिकडे विखुरल्या तर सांभाळा. तुम्ही ऐकून म्हणालात, “बोंडात पाकळ्या चार, नाईतं पाच. सात निघाल्या तं मी बी म्हनन, कायतरी बिघडलं.” मी म्हटलं, तेच.

मुंबईहून आलेल्या फॉर्मवर लिहिलं होतं, भरपूर गाठ असलेला एक ब्लॉक पाठवावा. डॉक्टर घाईत होते. म्हणाले, सुजाता, चांगला पाहून एक पाठव.

आता खरं सांगते. मी त्या दिवशी तिसरा आणि पाचवा, दोन्ही ब्लॉक हातात घेतले होते. पाचव्याची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिली होती. त्या एवढ्याशा जागेत पेशींची केंद्रकं मोठी होती, काळपट होती, एकासारखी दुसरी नव्हती. मला ती जागा आवडली नाही. मी स्वतःला सांगितलं, तुकडा दबलेला आहे, म्हणून तसं दिसतं. फॉर्मवर एकच मागितलाय. यात थोडंच आहे, मोजायला पुरणार नाही. प्रत्येक कारण खरं होतं. पण एक फोन करून दोन्ही पाठवू का म्हणून विचारता आलं असतं, आणि तो मी केला नाही. कारण मला चांगला रिपोर्ट हवा होता, मामाजी. मला तुम्ही घरी हवे होता. मी पाचवा ब्लॉक डबीत ठेवला आणि तिसरा पाठवला.

रिपोर्ट आला तेव्हा हंगाम ऐन भरात होता. एकच टेकडी, सरळ, उंच. मी पेढे घेऊन घरी आले. तुम्ही नुकतेच केंद्रावरून येऊन ओट्यावर बसला होता, उजवी बाही अजून वरच होती. तो हंगाम किती वाईट होता! पाऊस उशिरा आलेला, बोंडअळीनं बोंडं पोखरलेली, गाडीगाडीत कवडी. भाव पडलेला. पेपर उघडायची भीती वाटायची, कुठल्या गावचं नाव असेल म्हणून. त्या दिवशी फुलसावंगीकडच्या कोणीतरी तुमच्या तोंडावर मूठभर कापूस फेकून मारला होता. तुम्ही तोच कापूस उचलून, धागा ओढून, होता तोच ग्रेड लिहिला होता. आणि घरी येऊन तुम्हाला घास जात नव्हता.

तुम्ही कागद घेतलात आणि बराच वेळ पाहिलात. टेकडी पाहिलीत, खालचं-वरचं पाहिलंत. मग विचारलंत, “कुठून घेतलतं?”

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, म्हणजे मी वाचलो ना? तुम्ही ग्रेडर होता.

मी म्हटलं, “सगळीकडून, मामाजी. सहा ठिकाणांहून.”

सुईनं सहा ठिकाणांहून घेतलं होतं, हे खरं. मोजलं एकाच ठिकाणचं होतं. मी दोन्ही गोष्टी एका वाक्यात मिसळून दिल्या. ओला थर आत दडपून वर चांगला कापूस पसरावा, तसं. तुम्ही कागदाची घडी घालून वरच्या खिशात, कापसात, ठेवलीत. म्हणालात, “मंग हंगाम करून घेतो. लोकं गाड्या घेऊन बसून राह्यले, ग्रेडर नाई भेटत.” आईंनी पेढा दिला, तो तुम्ही अर्धा खाल्लात.

तुम्ही तो हंगाम केलात आणि पुढचाही. निवृत्तीला तेवढेच उरले होते. पहिलं वर्ष रक्तातला आकडा जागेवर राहिला. मी दर तीन महिन्यांनी श्वास रोखून तपासायची आणि मग घरी येऊन उगाच शिरा करायची. तुम्हाला शिरा आवडायचा नाही, पण कशाचा शिरा ते तुम्हाला कळायचं, म्हणून खायचात. दुसऱ्या वर्षी आकडा चढू लागला. निरोपाचा हार गळ्यात घालून घरी आलात त्याच आठवड्यात पाठ दुखायला लागली. नागपूरला तपासणी झाली, आजार हाडांत पोचला होता. इंजेक्शनं सुरू केली. ती काही महिने चालली, मग चालेनाशी झाली.

तेव्हा मी गुपचूप पाचवा ब्लॉक मुंबईला पाठवला. तीन आठवड्यांनी चित्र आलं. टेकडी अशी नव्हतीच. नुसत्या विखुरलेल्या काड्या. जे सुरुवातीला कळायला हवं होतं, ते मला आता कळलं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कागद दोनदा पाहिला. मग म्हणाले, ही मोजणी म्हणजे एक खूण आहे, सुजाता, भविष्य नाही. तेव्हाच उपचार घेतले असते तरी कदाचित हेच झालं असतं. त्या ‘कदाचित’वर मी गेले पाच महिने काढले आहेत. स्वयंपाक करताना, सायकल चालवताना, लोकांच्या चकत्या कापताना. कधी तो शब्द मला सोडवतो, कधी पकडतो.

तो कागद पर्समध्ये घेऊन मी रोज तुमच्यापाशी बसायची. आज सांगू, उद्या सांगू. तुमची खाट अंगणात कडुनिंबाखाली टाकलेली असायची. शेवटच्या पंधरवड्यातली गोष्ट. दुपारी मी तुम्हाला पाणी पाजत होते. तुमचा उजवा हात काडीसारखा झाला होता, त्यानं तुम्ही माझं मनगट धरलंत. म्हणालात, “पोरी, तवा कुठून घेतलतं?”

मामाजी, मी तोंड उघडलं. पर्स तिथंच होती, खाटेच्या पायाशी. आणि माझ्या तोंडून आलं, “सगळीकडून.”

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. रागानं नाही. मग ‘हं’ म्हणालात आणि डोळे मिटलेत. पाणी तुमच्या हनुवटीवरून सांडलं, ते मी पदरानं पुसलं.

आज सकाळी मला राहवलं नाही. तुमच्या घरी जाऊन सांगायचं तर तुमचं घर हेच, आणि तुम्ही नाही. मग मी आईंपुढे बसले. त्या ज्वारी निवडत होत्या. मी म्हटलं, “आई, मी हात घातला नाही. चूक माझी आहे.” आणि सगळं सांगितलं. तिसरा ब्लॉक, पाचवा ब्लॉक, दोन्ही कागद. आई शिव्या देतील, निदान रडतील, असं मला वाटत होतं. मला ते हवंही होतं.

आईंनी सूप खाली ठेवलं. आत गेल्या, तुमची पत्र्याची पेटी उघडली आणि पहिला रिपोर्ट घेऊन आल्या. घडीत अजून कापसाचे तंतू अडकलेले होते. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, नमुना या शब्दापुढं, ब्लॉकचा नंबर छापलेला होता. नुसता तीन. त्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केलेला होता. तुमची पेन्सिल. तुमचा गोल.

“त्याइले मालूम होतं,” आई म्हणाल्या. “कागद आला त्याच दिवशी पाह्यलं. म्हने, पोरगी म्हनते साहा ठिकानाहून, कागदावर नंबर एकच हाये. मी म्हनलं, मंग इचारा ना तिले परत. तं म्हने, राहू दे. जनमभर लोकाइच्या गाडीत हात घातला, माह्या गाडीचा मले वरचाच कापूस बरा वाटून राह्यला.”

 मला तुमचा राग आला, मामाजी. खरोखर संताप आला. तोंडावर कापूस खाऊनही ग्रेड न बदलणारा माणूस, आणि माझा ग्रेड तुम्ही असा जाऊ दिलात? मिठासाठी ‘हं’ करत होता, त्या दिवशी ओट्यावर एकदा केलं असतंत तर मी पाचवा ब्लॉक काढला असता. पण मग वाटलं, तुम्हालाही ते दोन हंगाम हवे होते. तुम्हालाही घरीच राहायचं होतं. आपण दोघांनीही पाहिलं होतं आणि दोघांनीही हात मागं घेतला. एवढ्या मोठ्या माणसाला भीती वाटली होती, आणि ती सांगायला लॅबच्या रांगेसारखी रांग तुम्हाला घरात सापडली नाही.

आणि दुपारपासून मला दुसऱ्या वेळेचा प्रश्न छळतो आहे. उत्तर तुम्हाला माहीत होतं. मग शेवटच्या दिवसांत, पाणी गिळता येत नसताना, पुन्हा का विचारलंत? माझ्यासाठी विचारलंत ना? गिरजाबाईच्या अंगणात तुम्ही उभे राहिलात, तसं मला उभं राहता यावं म्हणून तुम्ही अंगण माझ्यापुढं आणलंत. मी बोलले असते तर तुम्ही आधी एक शिवी दिली असती, आणि मग आईंना म्हणाला असता, पोरीले जेवाले वाढा. माझी तेवढी भाकरी राहून गेली.

आई आत्ताच तुमचा केंद्रावरच्या शेवटच्या दिवसाचा शर्ट, पेटीत तसाच राहिलेला, माझ्यासमोर ठेवून गेल्या आहेत. धुवायचा आहे. वरचा खिसा फुगलेला आहे. मी माझी उजवी बाही वर सारली आहे.

एकाच ठिकाणाहून घेतलं होतं, मामाजी. वरचंच.